सानगडीचा निळा भोंगा

मिरजेहून निघताना सुनेनं विचारलं, "आई, एक भोंगा बघायला महाराष्ट्राच्या त्या टोकाला जायचं?" मी म्हटलं, "अगं, लोक मुलगी बघायला कुठं कुठं जातात आणि कांदेपोहे खाऊन नकार देऊन येतात. भोंग्यानं काय घोडं मारलंय?" ती हसली आणि तिनं भाकऱ्या बांधून दिल्या. त्या भाकऱ्यांची मला पुढं फार आठवण यायची होती, पण तेव्हा त्याची कल्पना नव्हती.

आमचं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान. सासऱ्यांनी घातलं, नवऱ्यानं चालवलं, दोघेही गेले आणि आता मी गल्ल्यावर बसते. दुरुस्ती आताशा कमीच. पारख करून घ्यायलाच लोक येतात. कोणाला माळ्यावर सापडलेला असतो, कोणी दिवाणखान्याच्या शोभेला म्हणून घेतलेला असतो. दुकानात आणायचा, माझ्यापुढं ठेवायचा आणि श्वास रोखून विचारायचं, "बाई, खरा की खोटा?" बहुतेक वेळा खोटाच असतो. मी तसं सांगते. माझ्या जिभेला हाड नाही असं नवरा म्हणायचा, आणि त्याचंही काही चुकीचं नव्हतं.

सानगडीच्या पुष्पाताईंची मुलगी मिरजेला दवाखान्यात नर्स आहे. तिनं दुकानाची पाटी बघितली आणि आईचा फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून एकदम आवाज आला, "बाई, बाजा इकाचा नाई आमाले. फक्त खरा का खोटा थे पाहा. अन् सांगाचं असन तं माह्या बाबासमोर सांगा. लोकाईसमोर सांगा."

मग तिनं सगळी हकिकत सांगितली. तिचे वडील दाजीबा, ऐंशी ओलांडलेले. गावात त्यांना दाजीबा बाजावाले म्हणतात; बाजा म्हणजे ग्रामोफोन. त्यांचे वडील शेजारच्या गावच्या मालगुजाराकडं, म्हणजे तिकडच्या जमीनदाराकडं, गाडीवान होते. मालगुजारी गेली, मालगुजाराचं कुटुंब नागपूरला निघालं, तेव्हा नोकरमाणसांना विचारलं की तुम्हाला काय पाहिजे ते मागा. कोणी गाय मागितली, कोणी हंडे मागितले. ह्या गाडीवानानं बाजा मागितला. लहानगा दाजीबा मांडीवर भोंगा धरून बैलगाडीतून घरी आला. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर सांगितली, आणि दर वेळी एक वाक्य असायचंच: "निळा होता थो भोंगा, निळाशार."

तेव्हापासून दर दसऱ्याला सोनं वाटून झालं की गाव त्यांच्या अंगणात जमायचं आणि एक रेकॉर्ड ऐकून मगच घरी जायचं. मागच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर तिकडं गावोगावी जत्रा भरते तेव्हा, बाहेरचा एक व्यापारी आला. त्यानं बाजाकडं एक नजर टाकली आणि पानठेल्यावर चारचौघांत सांगितलं, "काकाजी, कोणी तरी टोपी घातली तुमच्या बापाले. नवा पितळी भोंगा लावलेला डुप्लिकेट माल आहे. आणि निळा कुठं आहे हो हा?" लोक हसले. दाजीबा घरी आले, बाजावर कपडा टाकला आणि त्यानंतर बाजाचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही.

"यंदा दसऱ्याले वाजन का नाई, तुमच्यावर हाय बाई," पुष्पाताई म्हणाली. आता अशा बाईला नाही कसं म्हणणार? मी तिकीट काढलं.

पिशवी लाखांदूरला जाते

नागपूरपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. साकोलीला एसटी बदलली आणि मग मात्र मी खिडकी सोडली नाही. आमच्याकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, नाहीतर द्राक्षाचे मांडव. इथं नजर जाईल तिथं धान. हलका धान कापणीला आलेला, भारी धान अजून हिरवा, आणि मध्येच एखादा तलाव, त्यात शिंगाड्याचे वेल पसरलेले. आमच्याकडं पाण्याचा विषय निघाला की माणसं कालव्याच्या पाळीवरून भांडायला लागतात. इथं प्रत्येक गावाला आपला तलाव, आणि तो असा निवांत पडलेला की जणू त्याच्यावर कोणी भांडलंच नसेल. भांडत असणारच म्हणा. माणसंच ती.

तर त्या तलावांकडं बघता बघता मी सानगडीला उतरले, आणि एसटी धूळ उडवत पुढं गेल्यावर लक्षात आलं की हत्यारांची पिशवी सीटखालीच राहिली. पेचकस, बॅटरी, छोटा आरसा, सगळं लाखांदूरच्या दिशेनं चाललेलं! मी रस्त्यात उभी राहून स्वतःला असल्या शिव्या दिल्या की इथं लिहायची सोय नाही.

पुष्पाताई न्यायला आली होती. पन्नाशीची, ठेंगणी, कपाळावर घाम आणि हातात दुसऱ्याच कोणाची तरी सायकल. तिचं बाजारात कपड्याचं लहानसं दुकान आहे. ती हसायलाच लागली. "कायले टेंशन घेता बाई? कंडक्टर वळखीचा हाय. उद्या सकाळच्या गाडीनं येऊन जाते तुमची पिशवी. चला, भात थंडा होऊन राहिला."

त्या भाताबद्दल सांगायलाच हवं. दुपारी पानात भात, लाखोरीची डाळ, कोचईच्या पानांची वडी. (आमच्याकडचं अळू म्हणजे त्यांची कोचई.) वडी अशी झाली होती की मी लाज सोडून पुन्हा मागितली. रात्री पुन्हा भात, सोबत तलावातले झिंगे, तिखट, बोटं चाटावीत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला फोडणीचा भात. आम्ही ज्वारीची माणसं. भात कितीही खाल्ला तरी आम्हाला जेवल्यासारखं वाटत नाही, पोट भरतं पण मन म्हणतं, आता जेवण कधी? शेवटी मी हळूच विचारलं की एखादी भाकरी मिळेल का. पुष्पाताईचा चेहरा पडला. "काहून बाई? तब्येत बिघडली का?" सुनेनं दिलेल्या भाकऱ्या तर वर्ध्यापर्यंतच संपल्या होत्या. मी म्हटलं, "नाही हो, भातच वाढा," आणि दोन्ही हातांनी नशीब स्वीकारलं.

दाजीबांशी पहिल्या दिवशी बोलणं झालंच नाही. उंच, वाळके, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. "या बाई," एवढं म्हणाले आणि काठी घेऊन तलावाकडं निघून गेले. मधल्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर बाजा होता. त्याच्यावर टाकलेला कपडा म्हणजे एक जुनं हिरवं लुगडं, लाल काठाचं.

"मायचं हाय," पुष्पाताई म्हणाली. तिची आई, भागरताबाई, जाऊन तीन वर्षं झाली होती. मी लुगड्याला हात लावला नाही. हत्यारं नव्हती हे एक, आणि मालक घरात नसताना मी कपडा काढत नाही.

आतलं बाहेर

सकाळच्या एसटीनं पिशवी आली. कंडक्टरनं ती खिडकीतून माझ्या हातात देताना विचारलं, "बाई, याच्यात दात काढाचं सामान हाय का?" मी म्हटलं, "हो, खोटे दात." त्यातला छोटा आरसा मी मिरजेच्या दंतवैद्याकडूनच आणला आहे, त्यामुळं त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

दाजीबा दारात उभे राहिले. "पायजे तं पाहा," म्हणाले. "मले काय?" पण ते दारातून हलले नाहीत. पुष्पाताईनं लुगडं अलगद उचललं, घडी केलं आणि मांडीवर घेऊन बसली.

मी भोंग्याकडं बघितलं आणि हातातली पिशवी खालीच ठेवली.

ज्यांनी कधी असा बाजा पारखलेला नाही त्यांना सांगते. ह्या धंद्यात तोतये फार. सुटकेससारख्या लहान बाजांची यंत्रं काढायची, नव्या पेटीत कोंबायची, वर नव्या पितळी पत्र्याचा मोठा चकचकीत भोंगा लावायचा आणि शंभर वर्षांचा म्हणून विकायचा. बघणारा भोंग्यावरच भाळतो. आता दाजीबांच्या पेटीची घडण मी ओळखत होते. ह्या घडणीच्या बाजांना रंगवलेला भोंगा येत असे, फुलासारखा, पाकळ्या-पाकळ्यांचा. आणि इथं समोर उघडं पितळ. वर्षभर लुगड्याखाली राहून मळकं झालेलं, पण पितळच. रंगाचा ठिपका नाही. कंपनीचं नाव नाही. व्यापाऱ्यानं जे म्हटलं ते मीही पहिल्या नजरेत म्हटलं असतं.

पण पहिल्या नजरेवर निकाल द्यायचा नाही, असं सासऱ्यांनी शिकवलं होतं. मी पदर खोचला.

आधी स्क्रू बघायचे. डोक्यावर अधिकचं चिन्ह असलेले स्क्रू दिसायला लागले की हात धुवून उठायचं, कारण हे बाजे घडले तेव्हा तसले स्क्रू नव्हतेच. इथं प्रत्येकाच्या डोक्यावर एकच आडवी चीर. चांगलं. मग पेटी उलटी करून वास घ्यायचा. नव्या लाकडाला जुनं दाखवायला लावलेल्या पॉलिशचा वास लपत नाही. इथं जुनं तेल, लाकूड आणि उंदीर. उंदराच्या वासानं इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. मग चावी. खोट्याचं लहानसं यंत्र चार फेऱ्यांत दमतं. हे मात्र चावी देता देता माझाच हात दमवत होतं. आतला आवाज काढणारा गोल पडदा अभ्रकाचा, कडेला थोडा पिचलेला.

"पेटी खरी आहे," मी म्हटलं. पुष्पाताईनं लुगडं छातीशी धरलं.

"आता भोंगा." पेटी खरी आणि भोंगा नंतर बदललेला, असंही असतं. ते तर मला जास्तच वाईट वाटलं असतं, कारण ह्या माणसाची सगळी गोष्ट भोंग्याच्या निळ्या रंगावर उभी होती.

टिचकी मारली. डब्यासारखा नाही वाजला, भरीव वाजला. पत्रा जाड. मग बॅटरी लावली, दंतवैद्याचा आरसा घेतला, आणि जिथं दोन पाकळ्या एकमेकींवर चढतात त्या घडीत बघत गेले. एक घडी, दुसरी घडी. मळ, राख, आणखी मळ. भोंग्याच्या मानेशी, जिथं सगळ्या पाकळ्या अरुंद होऊन एकत्र येतात आणि करंगळीही शिरत नाही, तिथं आरशात काहीतरी दिसलं.

निळं. गोकर्णीच्या फुलासारखं निळं, आणि त्याला लागून लाल रेघेचा एक तुकडा.

"निळा!" मी ओरडलेच. "अहो, निळा आहे! हाच भोंगा, कारखान्यातनं आलेला! कोणी काही बदललेलं नाही, कोणी टोपी घातलेली नाही!"

आणि मग, काय सांगू, तिथंच थांबायचं होतं मी. पण पितळावर बॅटरीचा उजेड पडला होता आणि त्यावर बारीक बारीक ओरखडे दिसत होते. राखेचे ओरखडे, वर्षानुवर्षांचे. जुना रंग घासून काढलेला बघितला की माझं डोकं फिरतं. दुकानात मी गिऱ्हाइकांना ह्यावरून बाहेर काढलेलं आहे. तोंडातून निघूनच गेलं, "पण हा रंग खरवडला कोणी? कोण तो शहाणा? अशा माणसाचे हात बांधून ठेवले पाहिजेत!"

दाजीबांनी काठी उचलली आणि ते बाहेर गेले.

पुष्पाताईनं तोंडावर हात ठेवला होता. "अव माय," ती हळू म्हणाली. "बाई, माय घासे. दर दसऱ्याले. मी पाह्यलं तवापासून तं पितळीच होता. मले वाटे, पह्यलेपासून पितळीच असन."

तलावाच्या पाळीवर

मी मागोमाग गेले. दाजीबा तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसले होते. शिंगाडे काढणारे दोघे पाण्यात डोंगा, म्हणजे लहान होडी, लोटत होते. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं. जीभ आवरली नाही."

"तुमाले काय मालूम," ते म्हणाले. "तुमच्या धंद्यात थे चूकच असन."

मग ते आपणहून बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"थे भंडाऱ्याची. तिचा बाप पितळेच्या भांड्याच्या कारखान्यात कामाले होता. भंडारा म्हंजे पितळेचं गाव, बाई. तिथल्या पोरीले काळं पितळ दिसलं का तिचा हात शिवशिवे. लगन झालं, पह्यला दसरा आला. घरातले इळे, कुदळी, नांगर, समदे धुवून काढले तिनं. मंग बाजा धुवाले घेतला. एका पाकळीचा रंग पह्यलेच निघून राह्यला होता. त्याच्याखाली पितळ दिसलं तिले. येवढी खूश झाली! मले म्हणे, 'पाहा वो, या लोकाईनं एवढं चांगलं पितळ रंगाखाली लपवून ठेवलं होतं!' चिच अन् राख घेतली अन् बसली घासत. एक पाकळी त्या वर्षी, दोन दुसऱ्या वर्षी."

"तुम्ही अडवलं नाही?"

ते पहिल्यांदा माझ्याकडं वळले. "नवी नवरी होती, बाई. माह्या घरी येऊन तिले पह्यल्यांदा कायची तरी खुशी झाली होती. कसा अडवू?"

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही. माझ्या नवऱ्यानं मला एकदा नवीन पातेल्यात कॉफी जाळली म्हणून दोन दिवस ऐकवलं होतं, आणि तो वाईट माणूस नव्हता.

"मंग लोक हसले," दाजीबा म्हणाले. "निळा होता म्हन्तो, तं निळा गेला कुठं? आता काय सांगू? थे गेली. मी खरा हावो म्हून दाखवाले तिच्या नावानं गावात बोंब मारू का, का तिनं बिघडवला? मी म्हनलं, राहू द्या. डुप्लिकेट तं डुप्लिकेट."

म्हणजे वर्षभर हा माणूस खोटारडा ठरला होता, कारण खरं सिद्ध करायला बायकोकडं बोट दाखवावं लागलं असतं. आणि मी आल्या आल्या नेमकं तेच बोट दाखवलं, वर हात बांधायची भाषा केली.

"किंमत कमी झाली असन," थोड्या वेळानं ते म्हणाले.

खोटं बोलणं मला जमत नाही. "झाली. रंग असता तर दुप्पट आली असती."

त्यांनी मान डोलावली. "बरं झालं. पुष्पीच्या भावाईले इकाचं मनात येनार नाई." आणि ते चक्क हसले. मग पुन्हा गंभीर झाले. "पण उद्या दसरा. लोक येतीन. तुम्ही खरा हाय म्हनान. कोणी तरी इचारनच, मंग रंग कुठं गेला? तवा काय सांगान?"

डोंग्यातल्या माणसांनी ओंजळभर शिंगाडे आणून दिले, ते सोलून खात आम्ही घरी आलो. कच्चे शिंगाडे असे दुधाळ गोड लागतात हे मला ह्या वयात कळलं.

दसरा

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. दाजीबांच्या घरी दसऱ्याच्या सकाळीच सगळं धुवून पुजायची रीत. अंगणात विहीर, तिचं पाणी गोड, म्हणून शेजारपाजारचे आपापली अवजारं घेऊन तिथंच येतात. विळे, कुऱ्हाडी, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, एकाचा तर ट्रॅक्टरच फाटकाशी उभा. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, बायकांची बडबड. पुष्पाताईनं बाजा उचलून ओट्यावर ठेवला होता, लुगडं काढून.

पानठेलेवाला रामदास आला. व्यापाऱ्याचं बोलणं त्याच्याच ठेल्यावर झालेलं, त्यामुळं तो स्वतःला ह्या प्रकरणाचा पंच समजत असावा. "काय वो मिरजवाल्या बाई," तो म्हणाला, "निघाला ना डुप्लिकेट?"

"खरा आहे," मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पेटी खरी, यंत्र खरं, भोंगा खरा. आणि दाजीबा म्हणतात तसा तो निळाच होता. ज्याला बघायचंय त्यानं आरशातून बघावं."

रामदासनं बघितलं. मग आणखी दोघा-तिघांनी बघितलं. "हाव गा, निळा हाय!" कोणीतरी म्हणालं. रामदासनं आरसा परत दिला, डोकं खाजवलं आणि ज्याची भीती होती ते विचारलंच. "पण दाजीबा, मंग बाकीचा रंग गेला कुठं?"

मी घाईघाईनं तोंड उघडलं. "काय आहे, फार जुनं झालं ना की रंग आपोआप..."

"माह्या बायकोनं घासला."

दाजीबा उभे होते. काठी नव्हती हातात. "भागरतानं घासला. चिच अन् राख घेऊन. जितके दसरे जगली तितके दसरे घासला. मी तिले एकदाबी नाई म्हनलं नाई, अन् आताबी म्हनत नाई. रंग कंपनीनं देल्ला होता. चमक तिनं देल्ली. ज्याले हसाचं असन त्यानं हसावं."

कोणी हसलं नाही. मग विहिरीपाशी विळे घासत बसलेली शेजारची साळूबाई, दाजीबांच्याच वयाची, कमरेवर हात ठेवून उठली. "हाव त! मी होती न तिच्यासंगं, मले कोणी इचारलंच नाई! चुलीतली राख मीच आणून देत जावो! अन् ह्यो रामदास तवा नागडा फिरे अंगणात, त्या भोंग्यात तोंड पाहे!" आता मात्र सगळं अंगण हसलं, आणि सर्वांत जास्त रामदास हसला.

संध्याकाळी गाव सोनं वाटून आलं. दाजीबांनी चावी दिली. सुईच्या जागी त्यांनी बांबूची कामटी तासून लावली, तेव्हा मी चकित झाले. पोलादी सुया कधीच्या संपल्या, तेव्हापासून ते बुरडाकडून कामट्या आणतात. केवळ सुया मिळत नाहीत म्हणून केलेली ही सोय, पण त्यामुळं त्यांच्या रेकॉर्ड मला माझ्या दुकानातल्यापेक्षा काळ्याभोर आणि ताज्या दिसल्या. बांबू स्वतः झिजतो, रेकॉर्डला झिजवत नाही. गाणाऱ्या बाईचा आवाज आला, लांबून यावा तसा, थोडा खरखरत. पोरं पुढं सरकली. साळूबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली की धूर आहे, जरी चूल कुठं पेटलेली नव्हती. मी निघाले तेव्हा पुष्पाताईनं डबा हातात दिला. उघडून बघितलं तर तांदळाच्या भाकऱ्या! कुठून तरी शिकून, रात्री उशिरापर्यंत बसून केल्या होत्या. कडा फाटल्या होत्या, पण मी त्या गाडीत एकेक घास पुरवून खाल्ल्या.

पण मधलं एक राहिलं. सकाळचं. माझ्या डोळ्यांपुढून तेच हलत नाही, म्हणून ते शेवटी सांगते.

लोक आपापली अवजारं घेऊन घरी गेले. ओट्यावर बाजा तसाच, भागरताबाई गेल्यापासूनच्या मळानं काळवंडलेला. दाजीबांनी चिंचेचा गोळा आणला, वाटीत राख आणली, भोंगा सोडवून विहिरीच्या कठड्यापाशी ठेवला. पुष्पाताईनं माझ्याकडं बघितलं. "बाई, चालन का?"

जुन्या भोंग्याला चिंच लावू नये, राख तर अजिबात नको, कापडानं सुद्धा जपून पुसावं. माझ्या दुकानात ही पाटीच लावलेली आहे. मी कापसाचा बोळा केला आणि मानेजवळच्या त्या घडीत घट्ट बसवला, निळ्यावर पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून. दाजीबा घासायला बसले. पण भोंगा हातातून निसटत होता, चिंच पाकळीवर नुसती फिरत होती.

"द्या इकडं," मी म्हटलं.

त्यांनी भोंगा दोन्ही हातांनी मांडीवर धरला, लहानपणी बैलगाडीत धरला असेल तसा. मी समोर बसले. चिमूटभर राख घेतली आणि आयुष्यभराच्या सवयीनं अगदी हलक्या हातानं, पितळाला दुखू नये अशी घासायला लागले. एक पाकळी झाली. दाजीबा बघत होते. दुसरी अर्धी झाली.

"बाई," ते म्हणाले, "जोरानं घासा. थे अशी भेत भेत नव्हती घासत."

मग मी जोरानं घासलं.